सात घरांचा डबा

नांदेड जिल्ह्यात फुटबॉल खेळतात असं मेहुण्यांनी सांगितलं, तेव्हा मी हसलो होतो. मी कोल्हापूरचा. फुटबॉल म्हणजे आमच्या पेठांची मिरास, बाकीचा महाराष्ट्र उगाच पाय हलवतो, अशी आमची समजूत. नांदेडजवळ विष्णुपुरीला बहिणीकडे चार दिवस आयतं जेवून कंटाळा आला होता. देगलूरचा संघ रविवारी लातूरला खेळायला जाणार असल्याचं कळलं, तशी शनिवारी सकाळी पिशवी उचलली आणि देगलूरची एसटी धरली. सामना बघून लातूरहूनच कोल्हापूरची गाडी पकडायचा बेत होता.

रस्ता सपाट, दोन्ही बाजूंना काळी रानं, तुरीला पिवळी फुलं आलेली. बिलोलीचा फाटा मागे पडल्यावर एसटीतल्या मराठीत तेलुगू मिसळू लागली. शेजारची बाई फोनवर एकाच वाक्यात दोन्ही भाषा बोलत होती आणि पलीकडच्याला सगळं कळत होतं.

देगलूरला स्टँडजवळच्या हॉटेलात सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा फोडणी दिलेला नाश्ता) मागवली. भिंतीवर कॅलेंडरशेजारी एक कागद चिकटवलेला होता. वर ‘सरांचा डबा’ आणि खाली सात वारांपुढे सात नावं. हे काय, म्हणून विचारलं, तर गल्ल्यापाशी पेपर वाचणारे गृहस्थ उठून माझ्या टेबलावर आले. गंगाधरराव, निवृत्त पोस्टमन आणि इथल्या फुटबॉल क्लबातले सर्वांत जुने.

“आमच्या व्यंकटसरांची पाळी हाय ती. कोच व्हते. क्लबाची पगार द्यायची ऐपत न्हाई, म्हणून सात घरांनी सात वार वाटून घेतले. सहा वर्सं सर ह्या कागदावर जेवले.”

“आणि आता?”

“गेले लातूरला. मोठ्या क्लबात. दोन म्हैने झाले.”

“मग हा कागद कशाला ठेवलाय?”

“काढायला कुणाचा हात उठंना.”

मी तोंडाचा फटकळ. म्हटलं, पैसा दिसला की सगळेच जातात. आमचाही कोच असाच गोव्याला पळाला, तेव्हापासून मी शिवी दिल्याशिवाय त्याचं नाव घेत नाही. गंगाधररावांना ते रुचलं नाही.

“तसं नका बोलू, साहेब. मला त्येंना एकच इचारायचंय. आमचं काय चुकलं? फोनवर इचारवंना. उद्या समोर इचारणार हाय.”

मग त्यांनी मला हट्टाने घरी मुक्कामाला नेलं.

रविवारी पहाटे दोन जीपगाड्या भरल्या. गंगाधररावांच्या पत्नी शकुंतलाबाई चार पुडांचा डबा घेऊन चढल्या. एवढा डबा कुणाला, असं मी विचारल्यावर त्या ओशाळल्या.

“आज आइतवार. आमची पाळी असायची. हात चालले आन् सैपाक होऊन बसला. आता टाकून थोडंच द्यायचंय?”

गंगाधररावांनी डबा घेऊन आपल्या पायाशी नीट ठेवला. उदगीरला चहा झाला, पुढे लातूरपर्यंत पोरांनी गाणी म्हटली.

देगलूरच्या मैदानात आदल्या संध्याकाळी माझ्या चपलेत गोखरू (बारीक काटे) रुतले होते. लातूरला मात्र हिरवळ, तिच्यावर पाणी मारायला वेगळा माणूस. व्यंकटसर नव्या क्लबाच्या ट्रॅकसूटमध्ये समोरच्या बाजूला उभे होते. आमच्यातला एकजण “गद्दार!” म्हणून ओरडला. गंगाधररावांनी मागे वळून असं पाहिलं, की त्याचं दुसरं ओरडणं घशातच राहिलं. देगलूर तीन-एकने हरलं. पण त्यांचा डाव्या बगलेचा पोरगा आमच्या पेठेतही टिकेल, हे मला कबूल करावं लागलं. त्यानेच गोल केला, तेव्हा व्यंकटसरांचे हात टाळीसाठी अर्धे उचलले गेले आणि मग खिशात गेले.

सामना संपल्यावर सर आपणहून आले. वाकून शकुंतलाबाईंच्या पाया पडले. गंगाधरराव पुढे झाले.

“सर, आमचं काय चुकलं?”

“तुमचं काय चुकणार, मामा? सहा वर्सांत एक दिवस उपाशी ठेवलं न्हाई मला.” सर खाली बघत बोलले. “पण मी हितं येसर आमटी (भाजलेल्या धान्याच्या पिठाची तिखट आमटी) खायचो, तवा बिलोलीकडं माझी बायको लोकांच्या रानात खुरपायला जायची. दोन लेकरं घेऊन. लातूरला पगार हाय. आता चौघं एका घरात जेवून राहिलो.”

“कधी बोलला न्हाईत, सर.”

“ताटावर बसून कसं बोलायचं? वाढणाऱ्याला वाटलं असतं, ह्याला आपलं जेवण पुरंना.”

शकुंतलाबाईंनी डबा पुढे केला. “हे घरी न्या. बायकोला म्हणावं, देगलूरहून आलंय.” सरांनी तो दोन्ही हातांनी घेतला. मला भरून आलं, हे लिहायला मी लाजत नाही.

गंगाधरराव मला स्टेशनवर सोडायला आले.

“आम्ही समजून राहिलो, आपण माणूस संभाळला,” ते म्हणाले. “पोट संभाळलं फकस्त. बायको गावाकडं हाय हे ठाऊक व्हतं की सगळ्यांना. ती कशी ऱ्हाती, हे इचारलं न्हाई कुणी. आता नवा कोच आला की आदी घरचं इचारणार. खेळाचं मागून.”

सकाळी कोल्हापुरात उतरलो, तर पेठेतला जुना दोस्त चहाच्या गाड्यावर भेटला. त्याला सगळं सांगितलं. ऐकून त्याने आमच्या गोव्याला गेलेल्या कोचला सवयीने एक शिवी हासडली. एरवी मी तिच्यात भर घातली असती. “त्याला मुलं किती होती रे?” मी विचारलं.

“कुणाला ठाऊक?” म्हणत दोस्ताने कप खाली ठेवला. नऊ वर्षं आम्ही दोघे रोज त्या माणसाला मैदानावर भेटत होतो.