वाघ, बकरी आणि आठ जागांचा ऑटो

नाकावर राग असलेल्या माणसाला कोडी शिकवायला लावू नये. मला लावली. झालं असं की, मुलांचं गणित कच्चं आहे हे वरच्या लोकांना कळलं आणि ते खेळांतून, कोड्यांतून पक्कं करायचं ठरलं. त्यासाठी आम्हा शिक्षकांना वर्ध्याला दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला बोलावलं. खेळातून शिकणं किती आनंदाचं असतं, हे सकाळी दहापासून संध्याकाळी पाचपर्यंत आम्हाला भाषणं करून सांगण्यात आलं. खेळ एकही झाला नाही, वेळच उरला नाही. निघताना प्रत्येकाच्या हातात कोड्यांची एक पुस्तिका आणि एक तक्ता ठेवला. तक्त्यात रोज भरायचं होतं : आज किती मुलांना आनंद झाला, त्यात मुलगे किती, मुली किती.

माझी शाळा हिंगणीच्या पुढे, बोर व्याघ्रप्रकल्पाच्या जंगलाला लागून. पहिली ते चौथी मिळून नऊ मुलं. शिक्षक दोन, पण दुसरे गुरुजी वर्षातले निम्मे दिवस मतदारयाद्यांच्या कामावर. त्यामुळे चारही वर्ग आणि सगळा आनंद माझ्या एकट्याच्या अंगावर पडलेला.

पुस्तिकेतलं पहिलंच कोडं मी फळ्यावर लिहिलं. एका माणसाला नदी ओलांडायची आहे. त्याच्याजवळ एक वाघ, एक बकरी आणि गवताचा एक भारा आहे. होडीत त्याच्यासोबत यातलं एकच काहीतरी मावतं. माणूस जवळ नसला तर वाघ बकरी खातो आणि बकरी गवत खाते. तर सगळं पलीकडे कसं न्यायचं?

मुलं फळ्याकडे टक लावून बसली. मला वाटलं, विचार करताहेत. करतच होते.

"सर, वाघ त्यानं पाळला काय?" चौथीतल्या एकानं विचारलं.

"पाळला असं समज."

"मंग त्याले वनविभागवाले धरून नेतीन. वाघ पाळता नाई येत."

"आन बकरी मेली त तिले हालवाची नाई," त्याच्या शेजारचा म्हणाला. "होडीत त टाकाचीच नाई. गार्ड येतपर्यंत हात नाई लावा लागत. हात लावला त पंचनामा होत नाई, आन मंग मदत नाई भेटत."

"फोटोबी काढा लागते," पहिलीतल्या चिमुरडीनं भर घातली.

"अरे, बकरी मरू द्यायचीच नाहीये!" मी खेकसलो. "हे कोडं आहे. खरा वाघ नाही इथे!"

"खरा त परवा नाल्यावर आलता, सर."

मी फळा पुसला आणि तक्ता भरला : आनंद नऊ, मुलगे पाच, मुली चार. शिक्षकांसाठी रकाना नव्हता हे बरंच झालं.

या सगळ्या गोंधळात तिसरीतली एक मुलगी काहीच बोलली नव्हती. तिच्या घरी गोंडी बोलत, आई मजुरीला जाई आणि शाळा सुटल्यावर चार बकऱ्या राखायचं काम हिच्याकडे. पुस्तकातली मराठी वाचताना ती अडखळायची, म्हणून मी तिच्या नावापुढे 'संथ' असा शेरा मारून ठेवला होता. मी शेरे फार विचार करून मारतो, अशी तेव्हा माझी समजूत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचलो तर ती वऱ्हांड्यात बसलेली. फरशीवर खडूनं नदी काढलेली. चिंचोका म्हणजे वाघ, पांढरा खडा म्हणजे बकरी, काडी म्हणजे गवत. तिनं माझ्यासमोर सगळं पलीकडे नेलं, सात फेऱ्यांत, एकदाही न अडखळता. पुस्तिकेच्या मागच्या पानावरही सातच होत्या. मी आदल्या रात्री चोरून पाहिलं होतं, कारण माझ्या नऊ होत होत्या.

"कसं सुचलं गं?"

"वाघाचं आन गवताचं काई भांडन नाई, सर. सारं भांडन बकरीपाशी हाय. मंग बकरीले आपल्यासंगं ठेवाचं. ते दोघं एकटे राह्यले त राह्यले."

सात फेऱ्या कोणीही पाठ करील. हे पाठ करून येत नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीत मला खराखुरा आनंद झाला तो त्या सकाळी, आणि मी 'संथ' इतक्या जोरात खोडलं की हजेरीचा कागद फाटला.

पुढे वर्गाला कोड्यांचं वेडच लागलं. खिचडीच्या रांगेत कोणी कोणाच्या मागे उभं राहायचं म्हणजे मारामारी होणार नाही, याचंसुद्धा चिंचोके मांडून कोडं होऊ लागलं. आता चुकलं तर मुलं माझ्याकडे न येता तिच्याकडे जात. मला थोडा राग यायचा, पण मुलगी आपलीच म्हणून मी तो गिळायचो.

मग पत्र आलं. कमी पटाच्या शाळा जवळच्या मोठ्या शाळेत मिसळायच्या. आमची मिसळणार होती ती सातवीपर्यंतची शाळा चार किलोमीटरवर, रस्ता सगळा जंगलाच्या कडेनं. 'विद्यार्थ्यांच्या वाहनाची सोय केली जाईल' असं पत्रात होतं. कोण करील ते नव्हतं. अंतिम निर्णयाआधी तालुक्याहून एक साहेब गुणवत्ता पाहायला येणार होते.

संध्याकाळी आईबाप शाळेत जमले. त्या मुलीची आई शेतातून थेट आली होती. तिनं विचारलं, "सर, शाळा राहीन ना? माई पोरगी आता कुठं लागली शिकाले."

"राहीन ना, बाई!" मी छातीठोक सांगितलं. "पोट्टे असे चमकवतो का साहेबाची बंद कराची हिंमत नाई होनार."

मुलं हुशार दिसली की शाळा वाचते, असं मला मनापासून वाटत होतं. इतकी सरकारी पत्रं वाचूनही वाटत होतं, याची मला आजही लाज वाटते.

साहेब आले. सोबत फोटो काढायला एक माणूस होता. साहेबांनी वाघ-बकरीचं कोडं विचारलं, मुलीनं चिंचोके मांडून सोडवलं, फोटो निघाले. साहेब खूश झाले.

"स्वतःचं एखादं कोडं घालता येतं का?"

"येते," ती म्हणाली. "आमी नऊ पोट्टे हाव. ऑटोत आठ बसतेत. ऑटोवाला एकच खेप करीन म्हन्ते, मंग त्याले दुसऱ्या शाळेचे पोट्टे न्याचे असतेत. पायदल जावं त रस्त्यानं वाघ हाय. मंग नववा कसा जाईन?"

दारात उभे असलेले आईबाप दोन पावलं पुढे सरकले. रविवारीच सगळे त्या ऑटोवाल्याकडे जाऊन आले होते. मलाही ते माहीत होतं.

"वा!" साहेब म्हणाले. "सोपं आहे. ऑटोवाल्याला दोन खेपा करायला सांगायचं."

"सांगतलं. नाई म्हन्ते."

"मग एखाद्या मोठ्या मुलानं चालत जायचं."

"वाघ हाय, सर."

"हो, हो, वाघ आहेच!" साहेब हसले आणि माझ्याकडे वळले. "काय कल्पनाशक्ती आहे बघा यांची."

ती उभीच होती. "उत्तर, सर?"

"उत्तर तुम्हीच शोधायचं, बाळ. त्यातच तर आनंद आहे."

मी बोलायला हवं होतं. साहेब, हे कोडं नाही, ही पोर तुम्हाला विचारते आहे, एवढंच म्हणायचं होतं. एरवी कोणावरही खेकसणारा मी तिथे हात बांधून उभा राहिलो. खूश झालेला साहेब नाराज होईल, ही भीती. त्यांनी शेरा लिहिला : 'विद्यार्थी स्वतः कोडी रचतात. तर्कशक्ती उत्कृष्ट.'

उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन आदेश आले. पहिल्यात म्हटलं होतं की मुलांची गुणवत्ता उत्कृष्ट असल्यानं मोठ्या शाळेत त्यांना काहीच अडचण येणार नाही, सबब शाळा मिसळण्यात येत आहे. दुसऱ्यात माझं नाव प्रशिक्षकांच्या यादीत होतं. मी दुसऱ्या गुरुजींवर अर्धा तास ओरडलो, ज्यांचा या कशाशीही संबंध नव्हता. मग वर्ध्याला जाऊन रुजू झालो.

जुलैतल्या पहिल्याच प्रशिक्षणात मी शिक्षकांना ते ऑटोचं कोडं सांगितलं. मुलं स्वतः कोडी कशी रचतात याचा नमुना म्हणून. टाळ्या पडल्या. पुढच्या बाकावरच्या एक बाई मात्र वाट पाहत होत्या.

"मग नववा कसा गेला, सर?"

मी घड्याळ पाहिलं आणि चहाची सुट्टी दिली. बाहेर येऊन त्या मुलीच्या आईला फोन लावला. मागे शेतात निंदणाऱ्या बायकांचा आवाज येत होता.

"जातेत ना, सर, सारे रोज जातेत," ती म्हणाली. "ऑटो टायमावर येते."

"सगळे? ऑटोत तर आठच बसतात ना?"

"आठच बसतेत. आमच्या पोरीनंच जमवून देल्लं. सगळ्याइले बसवून चिंचोके मांडले तिनं. म्हने, लहाने एकटे राहत नाई, भाऊबहीन अलग करता येत नाई, मोठ्याइचे बाप भांडतीन. मले काढलं त कोनाचंच भांडन नाई होत." मग ती म्हणाली, "बराबर बसलं, सर. कोनी काई बोललं नाई. आता पोरगी दिवसभर बकऱ्या नेते."

हुशार आहे तुमची मुलगी, असं काहीतरी मी पुटपुटलो.

"हो," ती म्हणाली, "तुमीच सांगत होते ना."

मी आत आलो. चहा संपवून सगळे जागेवर बसले होते. त्या बाईंनी पुन्हा हात वर केला. नववी मुलगी गेलीच नाही, मी म्हणालो.