नात छातीशी धरली तेव्हा

माझ्या नातीच्या रक्तात जंतू शिरल्याचे कळले, त्या दिवशी मी सकाळची पूजा अर्धवट सोडली. देवावर रागावून सोडली, हे स्पष्टच नमूद करतो. बाळ अपुऱ्या दिवसांचे, माझ्या दोन तळहातांत मावेल एवढे. तरी वर्ध्याच्या रुग्णालयात काचेच्या पेटीत बरे तग धरून होते. मग ते एकाएकी निळसर पडले, हालचाल मंदावली. आमच्या हिंगणघाटात नाली तुंबली तरी मी कायद्याचे कलम नमूद करून तक्रार करतो. इथे तर नातीच्या जिवाचा प्रश्न होता. हलगर्जीपणा कोणाचा ते शोधायचे आणि त्याला न्यायालयात खेचायचे, असे मी ठरवून टाकले.

डॉक्टरबाई तरुण होत्या, पण माझ्या आवाजाला घाबरल्या नाहीत. त्यांनी सांगितले, हे जंतू कुठल्या घाणीतले नव्हेत. निरोगी माणसाच्या त्वचेवर ते नेहमीच असतात आणि कोणाचे काही बिघडवत नाहीत. या बाळाची कातडी मात्र कागदासारखी पातळ, प्रतिकारशक्ती तयार व्हायची होती, आणि सलाईनसाठी घातलेल्या बारीक नळीतून ते रक्तात उतरले असावेत. "म्हणजे आणले कोणी?" मी विचारले. "आमच्याकडे काही चुकले का, ते आम्ही तपासतोच आहोत," त्या म्हणाल्या, "पण ते माझ्या हातावर आहेत, तुमच्याही हातावर आहेत, आजोबा." मी माझ्या हातांकडे पाहिले. ज्याच्याविरुद्ध दाद मागायची, तो असा सर्वांच्या अंगावर निघाल्यावर माझी सारी मांडणीच कोसळली.

औषधांनी जंतू हटले. पण बाळ अशक्त होते, अंगात ऊब टिकत नव्हती, आणि झोपेत ते मधूनच श्वास घ्यायचे विसरत होते. मी प्रतीक्षागृहातल्या बाकावर बसून होतो. माझी प्रार्थना आजवर अर्जासारखीच असे: आधी वस्तुस्थिती, मग मागणी. त्या दुपारी मागणीच सुचेना. महादेवा, मला काही कळत नाही, आता तूच सांग, एवढेच म्हणालो. तेवढ्यात दार उघडून सिस्टर बाहेर आल्या. बाळाला कोणीतरी उघड्या छातीशी धरून बसायला हवे, म्हणाल्या. बाळाची आई, म्हणजे माझी मुलगी, दुसऱ्या वॉर्डात, रक्तदाबाने आलेल्या बेशुद्धावस्थेतून नुकतीच सावरत होती. जावयाला ताप असल्याने आत मज्जाव. माझी पत्नी हयात नाही. उरलो मी.

मी नकार दिला. ज्या कातडीवरच्या जंतूंनी तिला मरणाच्या दारी नेले, तीच कातडी तिला कशी लावू? नळी काढली आहे, अंग स्वच्छ धुतले की धोका थोडा आणि गरज मोठी, असे सिस्टर समजावत राहिल्या. मी लेखी हमी मागितली. शेजारच्या बाकावर हिंगणी गावची एक भाजी पिकवणारी बाई बसली होती. तिचाही नातू आत होता.

"काऊन भाऊ, लेकराले उराशी धराले बी वकील लावता का?" ती म्हणाली.

"तुम्हाला कल्पना नाही, बाई. माझ्या अंगावर जंतू आहेत."

"मंग माह्या आंगावर का मोती हायेत? माह्या सुनेनं कालपासून पोराले धरलं, तं पोरगं गपगार झोपून राह्यलं. उठा, आंग धुवा. अन् शर्ट काढाले लाजू नका, तुमच्याकडे पाहाले कोनाले फुरसत नाई!"

तिने स्वतःच्या पिशवीतला कोरा टॉवेल माझ्या हाती कोंबला. मी उठलो.

सिस्टरांनी बाळ माझ्या छातीवर पालथे ठेवले आणि वरून फडके बांधले. काही वेळाने माझ्या तळव्याखालची ती इवली पाठ हलायची थांबली. एकही कलम, एकही मंत्र आठवला नाही. फक्त 'महादेवा, तुझी आहे, तुझी आहे' एवढेच आत उमटत राहिले. शेजारीच उभ्या सिस्टरांनी बाळाचा तळपाय चोळला. पाठ पुन्हा वर आली. पुढे मी रोज बसलो, आणि तिचे असे थांबणे हळूहळू कमी होत गेले. यात औषधांचा वाटा किती, उबेचा किती आणि कृपेचा किती, याचा निवाडा मी करणार नाही. तो माझ्या अधिकारक्षेत्राबाहेरचा आहे.

मी निवळलो, असे मात्र कोणी समजू नये. प्रतीक्षागृहातल्या बंद पंख्याविषयी माझा पाठपुरावा चालूच आहे. हिंगणीच्या त्या बाईचे नाव विचारायचे राहून गेले. नातवाला घेऊन ती गेली तेव्हा मी आत होतो. तिला महादेवानेच पाठवले, अशी माझी श्रद्धा आहे. ती सिद्ध करण्याची मला गरज वाटत नाही.

माझी मुलगी बरी झाली आणि चाकांच्या खुर्चीवरून बाळाजवळ आली. "बाबा, आता मला द्या," ती म्हणाली. खरे सांगतो, द्यावेसे वाटेना. माझ्याशिवाय ते श्वास घेईल का, अशी भीती वाटली. मग मी फडक्याची गाठ सोडली आणि बाळ आईच्या अंगावर ठेवले. क्षणभर कुरकुरून ते तिथे निजले. मी पाहत राहिलो. माझा हात पाठीवर नव्हता, तरी पाठ वर-खाली होत होती.