दीड न्हाणी

कुणी भुताची गोष्ट सांगायला बसलं की मी चहा मागवायचो... माझा विश्वास तेवढाच. हायस्कुलात गणित शिकवत होतो. ज्याची रीत मांडता येत नाही ते खोटं, असा खाक्या. तरीही हे लिहितोय, कारण यातलं एक गणित मला आजवर सुटलेलं नाही.

पन्नास-साठच्या मधली गोष्ट. नोकरीसाठी साताऱ्याहून वडश्याला आलो होतो. वडसा तेव्हा चांदा जिल्ह्यात. स्टेशनाजवळच्या किराणा दुकानात चिठ्ठी डकवलेली होती – 'घर भाड्याने देणे. दोन खोल्या, सैपाकघर, दीड न्हाणी.'

दीड! मी तिथंच हसलो. बायको, सुमन, सहा महिन्यांची गरोदर होती. आधीची दोन पोटातच गेलेली. त्यामुळे ती हसली नाही, घर कोरडं आहे ना एवढंच तिनं विचारलं.

घरमालकीण भागाबाईंनी परस दाखवलं. एक न्हाणी नेहमीची. दुसरी बाळंतिणीची – वर कौलं, तीन बाजूंना भिंती, समोर नुसता पडदा.

"इले दार नाई, म्हणून अर्धी," त्या म्हणाल्या.

"मग लावून पुरी करू की!"

"नोका लावू, गुरुजी."

"काऊन?" 'का'ऐवजी त्यांचाच शब्द वापरून मी नक्कल केली. म्हातारी तशीच निघून गेली.

परसातून लोकांची ये-जा होती. "अहो, पडद्याआड कशी न्हाऊ मी?" सुमननं दोनदा विचारलं. मी सुतार बोलावला, सागाचं दार लावलं, आतून कडी. अपूर्णांक पुरा केला, असं शाळेत सगळ्यांना सांगतही सुटलो.

मुलगी झाली, धडधाकट. मी पेढे वाटले.

आठव्या दिवशी, रविवारी सकाळी, सुईणीनं घंगाळात कढत पाणी काढलं, शेकायला कोळशाची शेगडी आत ठेवली आणि ती दुसऱ्या घरी गेली. "दार आहे ना आता, न्हाईन मी एकटी," म्हणत सुमननं कडी लावली.

थोड्या वेळानं बाळ रडू लागलं. मी परसात जाऊन विचारलं, "झालं का?"

आतून पाणी ओतल्याचा आवाज आला. मग सुमनचा आवाज – "आलीच जी, दोन तांबे राह्यले."

मी परत येऊन पाळणा हलवला. बाळ थांबेना. पुन्हा हाक मारली. "आलीच जी, दोन तांबे राह्यले." तिसऱ्यांदा मी चिडूनच गेलो. तोच आवाज, तेच पाणी... "दोन तांबे राह्यले."

तिन्ही वेळा दोनच? आणि 'जी', 'राह्यले'... साताऱ्याची माझी बायको असं कधी बोलली होती?

दार लाथेनं तोडलं. सुमन पाटावरून भिंतीला कलंडलेली. केस कोरडे. घंगाळ काठोकाठ भरलेलं, तांब्या कोरडा. एक थेंबसुद्धा तिनं अंगावर घेतलेला नव्हता.

डॉक्टर म्हणाले, कोळशाचा धूर, बंद खोली. ते मला पटतं. दार मी लावलं, म्हणजे तिला मी मारलं, हेही पटतं.

संध्याकाळी भागाबाई आल्या. बाळाला मांडीवर घेऊन त्यांनी हळूच विचारलं, "दोन तांबे राह्यले, म्हणे का?"

मी हे कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

"माही सून बी तसंच म्हणे, बाप्पा. आम्ही बी दाराबाहेर वाट पाहत बसलो, अन् आत जीव गेलेला... मंग दार काढून फेकलं. तुमाले सांगाले पाह्यजे होतं. पन मंग घर कोन घेते?"

मला त्यांच्यावर रागावताही आलं नाही. मी 'काऊन' विचारलं होतं, तेही नकलेत.

मुलगी आता मोठी झाली आहे. आई शेवटी काय म्हणाली, असं तिनं परवा विचारलं. मी म्हटलं, 'आलीच,' म्हणाली.

खरं म्हणजे तेही तिचं नव्हतं.