चौदाव्या पानावरच्या दोन ओळी

शुक्रवारी दुपारी मी नव्या अंकाचं चौदावं पान वाचत होते, आणि पानावरच्या चौकटीतल्या शेवटच्या दोन ओळी तिथं नव्हत्या.

आधी वाटलं चष्म्याचा दोष असेल. मग मूळ हस्तलिखित काढलं. त्यात त्या होत्या, निळ्या शाईत, खाली दोनदा रेघ मारलेल्या. "सहा : प्लग काढल्यावर निदान दहा मिनिटं थांबा. त्याआधी नारिंगी वायरीला हात लावला तर जीव जाऊ शकतो." छापलेल्या अंकात पाचव्या पायरीनंतर चौकट संपत होती आणि पुढच्या पानावर पहिलंच वाक्य होतं, "आता पंखा बाहेर काढा."

तीनशे प्रती मंगळवारीच पोस्टात पडल्या होत्या.

मी सांगलीतल्या एका छापखान्यात पानं लावते आणि प्रुफं तपासते. सत्तावीस वर्षं झाली. लग्नपत्रिकांपासून साखर कारखान्याच्या अहवालापर्यंत सगळं माझ्या हाताखालून गेलं आहे. चुकाही झाल्या आहेत. एका पत्रिकेत मी नवरदेवाच्या आत्याला मामी केलं होतं, ती बाई अजून माझ्याशी बोलत नाही. पण चुकीनं माणूस मरेल अशी वेळ कधी आली नव्हती.

हे मासिक, खरं तर त्रैमासिक, सुभेदारांचं. हणमंतराव सुभेदार कुंडलचे. लष्करात गाड्या दुरुस्त करणाऱ्या शाखेत सगळी नोकरी केली, निवृत्त झाले आणि जुनी हायब्रिड गाडी घेतली. हायब्रिड म्हणजे पेट्रोलचं इंजिन आणि विजेची मोटर एकाच गाडीत. चार्जिंगला लावावी लागत नाही. उतारावर किंवा ब्रेक मारताना जी ताकद वाया जाते तिच्यातून बॅटरी भरते. सुभेदार त्या गाडीच्या प्रेमात पडले. आपल्यासारखे आणखी कोण आहेत ते शोधत सातारा-सांगलीभर फिरले, आणि एक दिवस हस्तलिखिताचा गठ्ठा घेऊन आमच्याकडं आले.

मासिकाचं नाव 'जोडीदार'. इंजिन आणि मोटर, म्हणून.

आमचे मालक अरविंदराव म्हणाले, "सुभेदार, लोक स्थळांची माहिती मागायला येतील."

"येऊ द्यात की. त्यांनला पन गाडी दाखवू."

मी स्पष्टच विचारलं होतं, "सुभेदार, आता छापील मासिक कोण वाचतं? ग्रुप आहे ना तुमचा मोबाईलवर?"

"हाय की. सकाळी उठल्या उठल्या चाळीस गुलाबाची फुलं येत्यात त्यात. कुनी एक कामाचं लिव्हलं तर दुपारपतुर ते फुलांखाली गाडलं जातंय. आन ताई, गॅरेजवाल्याचं हात काळं असत्यात. त्यानं मोबाईल कसा चाळायचा? मला असं पायजे की खिळ्याला अडकवता यील. तेलाच्या बोटानं पान उलटता यील."

मला पटलं नव्हतं. पण काम घेतलं.

हायब्रिडची मोठी बॅटरी बहुतेक गाड्यांत मागच्या सीटखाली असते. ती गरम होऊ नये म्हणून तिला एक छोटा पंखा असतो. त्यात धूळ, केस, गोधडीचे धागे अडकतात आणि मग चालकासमोर धोक्याचा दिवा लागतो. आपल्याकडचे गॅरेजवाले त्या पंख्याला हात लावायला घाबरतात, म्हणून सुभेदारांनी पहिल्या, म्हणजे याच, अंकात त्यावर लेख घातला. वीज तोडायला बॅटरीजवळ नारिंगी मुठीचा एक प्लग असतो. तो काढला तरी यंत्रणेत वीज काही मिनिटं साठून राहते. म्हणून दहा मिनिटं थांबायचं. सगळ्या लेखाचा जीव त्या दोन ओळींत होता.

त्या गेल्या कशा, ते मला दहा मिनिटांत कळलं. शेवटचं प्रूफ पाहून सुभेदार म्हणाले होते, "ताई, अक्षर जरा मोठं करा. वाचनारं सगळं पन्नाशीच्या पल्याडलं हायत." मी अक्षर वाढवलं. चौकट तेवढीच ठेवली. मजकूर चौकटीत मावला नाही की कॉम्प्युटर उरलेल्या ओळी आत दडवतो आणि कडेला एक बारीक लाल खूण दाखवतो. ती खूण मी पाहिली नाही. संध्याकाळच्या आत मशीनला पानं द्यायची म्हणून पुन्हा प्रूफ काढलं नाही.

मी अरविंदरावांकडं गेले. त्यांनी पान पाहिलं.

"पुढच्या अंकात दुरुस्ती टाकू. क्षमस्व म्हणू. नेहमीचंच आहे."

"पुढचा अंक तीन महिन्यांनी येणार."

"अगं, कोण वाचतंय ते? मूठभर माणसं."

"वाचतील की नाही ते मला माहीत नाही. पण वाचलं आणि केलं, तर?"

त्यांनी पान उलटून पुढचं वाक्य वाचलं, "आता पंखा बाहेर काढा." मग अंक टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "मागं गोंद असलेला कागद आहे आपल्याकडं. त्या दोन ओळींची चिकटपट्टी छापून देतो. तू सुभेदारांना फोन लाव."

फोन लावून मी सगळं एका दमात सांगितलं. पलीकडं त्यांच्या अंगणात कोंबड्या ओरडत होत्या.

"अक्षर मोठं करा असं मीच म्हनलो हुतो न्हवं?" ते म्हणाले.

"तुम्ही म्हणालात. पण चौकट मोठी करणं माझं काम होतं."

"ते मागनं बघू. माझ्याजवळ वही हाय. तीनशे नावं, पत्ते, फोन. निम्मी तुमी घ्या, निम्मी मी घेतो. ज्यो उचलंल त्याला एकच सांगायचं, चौदावं पान बघून कायबी करू नगा."

त्यांनी वहीच्या पानांचे फोटो पाठवले आणि आम्ही दोघं लागलो. लोक फार चांगलं बोलले, त्याचाच जास्त त्रास झाला. इस्लामपूरचे एक शिक्षक म्हणाले, "ताई, अंक फार सुरेख झालाय." मी म्हणाले, "सर, चौदावं पान सोडून." विट्याच्या एका बाईंनी पेन आणून माझ्यासमक्षच, म्हणजे फोनवरच, त्या दोन ओळी लिहून घेतल्या आणि परत वाचून दाखवल्या.

महाबळेश्वरला बशीरभाई आहेत, टॅक्सी चालवतात. त्यांच्या गाडीच्या घाटात दिवसाला चार खेपा होतात, त्यामुळं हायब्रिडचा हिशेब त्यांच्याइतका कुणाला कळत नाही. ते म्हणाले, "आवं ताई, आमच्याकडची नावं मला द्या. महाबळेश्वर, पाचगणी, वाई. स्टँडवर रोज भेटत्यात सगळे. मी सांगतो."

"तुमच्या अंकावर तुम्ही स्वतः लिहून घ्या आधी."

"माझा अंक माझ्याकडं हाय कुठं? पाचगणीचा एकजण घेऊन गेला. त्याच्याकडनं वाईच्यानं नेला म्हणं. थांबा, हुडकतो."

मी कपाळाला हात लावला. अंक तीनशे होते, पण वाचणारे किती, हे वहीलाही माहीत नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी वीसेक नावं उरली. त्यातल्या एका नावापाशी सुभेदार अडले. नंदाताई, कोयनानगरच्या, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. त्यांच्या गाडीत तोच दिवा लागत होता. अंक यायच्या आधीच त्यांनी सुभेदारांना सांगून ठेवलं होतं, लेख आला की रविवारी मिस्त्री बोलावून पंखा साफ करून घेते. शुक्रवारपासून त्यांचा फोन लागत नव्हता. शेजाऱ्यांचाही नाही. धरणाच्या बाजूला रेंज गेली की दोन-दोन दिवस येत नाही.

"उद्या जायाचं," सुभेदार म्हणाले.

"मीही येते."

रविवारी पहाटेच्या एसटीनं मी पलूसला उतरले. सुभेदार गाडी घेऊन उभे होते. पाटणच्या अलीकडं एका वस्तीत म्हैस रस्त्यात उभी होती. गाडी मोटरवर होती, आवाज शून्य. म्हशीला आम्ही आलोय हे कळेचना. सुभेदारांनी काच खाली केली आणि तिला म्हणाले, "बाजूला हो गं बाई, घाईत हाय." ती झाली. शुक्रवारपासून मी पहिल्यांदा हसले.

थोड्या वेळानं मी विचारलं, "सुभेदार, राग नाही मानायचा. तीनशे लोकांना शेवटी फोनच करावा लागला. मग मासिक कशाला?"

उतार लागला होता, समोरच्या पडद्यावर बॅटरी भरत असल्याचा बाण दिसत होता.

"मोबाईलवर चुकीचं टाकलं असतं, तर कुनाकुनाकडं गेलं ते कळलं असतं का? ते फिरत ऱ्हायलं असतं. ह्ये आपल्याला गोळा तरी करता येतंय. मासिक हाय म्हनून वही हाय, ताई. न्हाईतर मला नंदाताई कोन, कुठल्या, काय म्हाईत?"



कोयनानगरला पोचलो तेव्हा साडेनऊ झाले होते. नंदाताईंच्या घरासमोर गाडी उभी, मागची दोन्ही दारं उघडी. मागची सीट बाहेर काढून ओट्यावर ठेवलेली. ते बघून सुभेदारांनी गाडी नीट लावलीसुद्धा नाही. ब्रेक मारला आणि उतरून पळाले. सत्तरीच्या जवळ आलेला माणूस. मी चिकटपट्ट्यांचं पाकीट छातीशी धरून मागं.

ओट्याच्या पलीकडं मिस्त्री पाय पसरून पोहे खात बसला होता. शेजारी खुर्चीवर नंदाताई, मांडीवर अंक, हातात पेन्सिल.

"हात लावला का?" सुभेदार ओरडले.

"कुठला हात?" मिस्त्री वैतागून म्हणाला. "आठ वाजल्यापासनं बसवून ठेवलंय बाईंनी. दुसऱ्यांदा पोहे झाले."

नंदाताईंनी आमच्याकडं पाहिलं. सुभेदारांना त्यांनी आवाजावरून ओळखलं असावं.

"बरं झालं आलात. तुम्हालाच पत्र लिहायला घेतलं होतं. चौकटीच्या डोक्यावर लिहिलंय 'सहा पायऱ्या'. खाली पाचच आहेत. सहावी कुठं आहे?"

सुभेदार ओट्यावर बसले. मी पुढं झाले. "ती माझ्याकडून राहिली. मी पानं लावते."

"मी यांना म्हटलं," मिस्त्री म्हणाला, "छापायची चूक असंल, पाचच असतील. प्लग काढून लगेच पंखा काढतो म्हणलं, अर्ध्या तासाचं काम हाय. तर न्हाईच."

"चिठ्ठीवर सहा औषधं आणि पुडीत पाच," नंदाताई म्हणाल्या, "अशी पुडी मी नोकरीत कुणाला दिली नाही. आता कशी देईन?"

मी चिकटपट्टी काढली. पट्टीचा मागचा कागद सुटेना. त्यांनी ती माझ्या हातातून घेतली, सोलली आणि पाचव्या पायरीखाली अगदी सरळ रेषेत चिकटवली. वरून अंगठा फिरवला. मग मोठ्यानं वाचली. मिस्त्रीनं ऐकलं आणि पोह्यांची बशी खाली ठेवली.

"म्हंजे मी मगाशी..."

"हो," सुभेदार म्हणाले.

मिस्त्रीनं उठून हात धुतले, रबरी हातमोजे घातले, लेखाप्रमाणं एकेक पायरी केली आणि प्लग काढला. नंदाताईंनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. आम्ही चौघं अंगणात बसलो. दहा मिनिटं किती मोठी असतात ते मला त्या दिवशी कळलं. सुभेदारांनी एकदा विचारलं, "झाली का?" त्या म्हणाल्या, "सहाच मिनिटं झालीत." मिस्त्री जागचा हलला नाही.

पंख्यातून कापसाच्या गोळ्याएवढे कुत्र्याचे केस निघाले. सगळं बसवून गाडी सुरू केली. दिवा गेला. नंदाताईंनी आम्हाला जेवूनच जा म्हणून बसवलं आणि जेवताना माझ्या आणखी सात चुका काढल्या. चार ऱ्हस्व-दीर्घाच्या, तीन खऱ्या.

उरलेली नावं पुढच्या आठवड्यात लागली आणि चिकटपट्ट्या पोस्टानं सगळ्यांना गेल्या. शेवटचा राहिला बशीरभाईंचा अंक. तो वाईहून मेढ्याला, तिथून साताऱ्यातल्या एका गॅरेजात गेला होता. बशीरभाई पंधरा दिवसांनी तिथं पोचले तेव्हा तो खरोखर खिळ्याला टांगलेला होता, पानांवर काळ्या बोटांचे ठसे. त्यांनी चौदाव्या पानावर पट्टी लावली, फोटो काढून मला पाठवला आणि अंक तिथंच ठेवला. गॅरेजवाला द्यायला तयार नव्हता.

दुसरा अंक वेळेवर निघाला. अरविंदरावांनी त्याचा कागद जरा जाड लावला, कुणी सांगितलं नसताना. त्याची प्रुफं तीन ठिकाणी गेली : माझ्याकडं, सुभेदारांकडं, आणि पोस्टानं कोयनानगरला. तिथून ती परत आली तेव्हा प्रत्येक आकड्याशेजारी पेन्सिलीची बारीक खूण होती.

हायब्रिडवाल्यांना छापील मासिक लागतं का, असं मला अजूनही लोक विचारतात. मी छापखान्यात नोकरी करते, माझ्या मताला काय अर्थ? एवढं मात्र अनुभवानं सांगते. अक्षर वाढवलं की चौकटही वाढवा. आणि शेवटचं प्रूफ मासिकाचं कौतुक करणाऱ्याला देऊ नका, मोजणाऱ्याला द्या.