पिंडाला कावळा शिवला नाही

मित्रांनो, सकाळपासून कानात कावळे ओरडतायत. लिहून टाकतो, म्हणजे कदाचित थांबतील.

आज करमाडला माझ्या वडिलांचा, अण्णांचा दहावा होता. ओढ्याकाठी पिंड ठेवले, पण कावळा शिवेना. "आईला सांभाळीन, शेत विकणार नाही," सगळं कबूल करून झालं. ऊन तापलं.

मग काका म्हणाले, "तुला ती कावळ्याची पुंगी येते ना रं? वाजव की."

ती लाकडी पुंगी मला अण्णांनीच शिकवली. पेरलेला भुईमूग कावळे उकरायचे, तेव्हा. माझे तळवे पुंगीभोवती धरून म्हणायचे, "घशातून नाय, पोटातून फुक. कावळा मरताना वरडतो तसं झालं पायजे." त्या आवाजानं कावळे गोळा व्हायचे. अण्णा गलोलीनं एक पाडायचे आणि शेतात टांगायचे. मग बाकीचे फिरकायचे नाहीत.

आज मी तशीच वाजवली. दुसरं काही सुचलंच नाही.

कावळे आले, लई आले. पण एकही खाली उतरला नाही. मेलेल्या कावळ्यावर घालतात तशा पिंडावर घिरट्या घालत ओरडत राहिले. आई तोंडाला पदर लावून म्हणाली, "बंद कर ती. ते रडायला आलेत, जेवायला नाय."

शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला.

आता संभाजीनगरला घरी आलोय. पुंगी खिशातच आहे. कावळ्याला जेवायला बोलवायची हाक तुमच्यापैकी कुणाला येते का? अण्णांनी मला एकच शिकवली होती.