काच मात्र वर

इथे अमेरिकेत, एडिसन गावात, आमच्या शेजारचे काका मला दर शनिवारी भाजीला नेतात. गाडीत बसलं की आधी दारं लॉक, मग सीटबेल्ट. पूर्वी ते नैरोबीत राहायचे. आम्ही तिकडे फिरायला जाणार म्हटल्यापासून त्यांना भलताच उत्साह आलाय.

"जिराफ बघाच. मसाई मार्केटमध्ये घासाघीस करायची, लाजायचं नाही. भाजलेलं मटण हातानंच खायचं. आणि रात्री बँड ऐकायला जा, काय नाचतात लोक!" एवढं सांगून शेवटी न चुकता, "सिग्नलला गाडीत हात घालून लुटतात, काच मात्र वर."

परवा सिग्नलला एक बाई धावत आली आणि काकांच्या खिडकीवर थापा मारू लागली. काकांनी रेड सिग्नल तोडून गाडी पळवली. आडवा आलेला ट्रक थोडक्यात चुकला. मी किंचाळले. आरशात ती बाई दिसली. आम्ही टपावर विसरलेली, वाटेत पडलेली कोथिंबिरीची पिशवी उंच धरून उभी होती.

"काका, ती आपली पिशवी द्यायला आली होती."

"हो." काकांनी दारांचं लॉक पुन्हा एकदा दाबून पाहिलं. मग एकदम नेहमीचा आवाज, "तर तो बँड. ऐकल्याशिवाय परत यायचं नाही हं!"

मी हळूच माझ्या बाजूची काच चाचपली. वरच होती.