भट्टीवाले अप्पा आणि आतला सांगावा

अप्पांचं एकही वाक्य एका दमात पुरं व्हायचं नाही. मध्येच थांबायचे, बोट वर धरायचे, छातीत शीळ वाजायची, मग उरलेलं बोलायचे. पण ते वाक्य दुसऱ्या कुणी पुरं केलेलं त्यांना मुळीच खपायचं नाही. "माझं हाय... मलाच बोलू दे," म्हणायचे.

सिरसाळ्यात त्यांची फुटाण्यांची भट्टी होती. माझे सख्खे मामा, पण सगळं गाव अप्पा म्हणायचं म्हणून मीही अप्पाच म्हणायचे. सकाळी लिंगपूजा, कपाळाला भस्म, की लगेच कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवून कढईत वाळू तापवायची. हरभरा फुटला की नाही ते कानाने ओळखायचे. त्यासाठी कढईवर वाकायचे, आणि सगळा धूर नाकातोंडात. समोरच्या दुकानात वेफर्सच्या चकचकीत पाकिटांच्या माळा लटकू लागल्या, गिऱ्हाईक रोडावलं, तरी भट्टी रोज पेटायचीच.

मी तेव्हा पुण्यात श्वासनळीच्या स्नायूवर संशोधन करत होते. सुट्टीत पोत्यावर बसून मी त्यांना ऐटीत सगळं समजावलं. धुरातलं जहाल काहीबाही नळीभोवतीच्या स्नायूच्या पेशींना झोंबतं, मग पेशीच्या आत एकाकडून दुसऱ्याकडे सांगावा जातो, आणि शेवटी स्नायू आवळतो. अप्पांनी झारा थांबवला.

"म्हंजे भट्टीचा सांगावा... आतवर पोचतो म्हण की. लई इमानी मानसं दिसतेत आत." हसता हसता खोकत राहिले.

तेव्हापासून मी गेले की पहिला प्रश्न ठरलेला. "आडवला का गं सांगावा?"

"अजून नाही, अप्पा. कुठं अडवायचा तेच शोधतेय."

"शोध. घाई न्हाई... मी हाय की."

त्या 'मी हाय की'वर मी निर्धास्त राहिले, हे माझं चुकलंच.

एका दिवाळीला मी त्यांना दम्याचा, तोंडाने ओढायचा पंप नेऊन दिला. भट्टी बंद करा म्हणून भांडलेही. पंपाची सवय लागते, असं बाजारात कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं होतं. मी "काहीतरीच काय" म्हणून ते उडवून लावलं आणि एसटी गाठली. स्नायू कसा आवळतो यावर तासभर बोलले होते. पंप कधी घ्यायचा, कसा दाबायचा, हे एकदाही हातात धरून दाखवलं नाही.

त्याच थंडीत, बाजाराच्या दिवशी, कढई चढलेली असताना अप्पांना दम लागला. दवाखान्यात नेईपर्यंत ते गेले.

तिसऱ्या दिवशी मामींनी देवळीतून फडक्यात गुंडाळलेला पंप काढून माझ्या हातात ठेवला. खोकंसुद्धा फोडलेलं नव्हतं.

"काहून घेत न्हाईत म्हनून मी रोज इचारायची," मामी म्हणाल्या. "तर म्हनायचे, राहू दे. पोरीचं काम अजून पुरं झालं न्हाई. तिलाच लागंल, सांगावा कुठं आडतो ते बघायला."

मला तो कशालाही लागणार नव्हता, अप्पा.